वळिवड्याची छावणी : कोल्हापूरच्या वेशीवरचे पोलिश गाव

कोल्हापुरात वळिवड्याच्या छावणीचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले असते : ‘आमच्या महाराजांनी जागा दिली.’ कोणत्या महाराजांनी, असे विचारले की उत्तरे फुटतात. कोणी शाहू महाराजांचे नाव घेतो, कोणी राजाराम महाराजांचे. दोन्ही बरोबर नाहीत. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, राजाराम महाराजांचे निधन नोव्हेंबर १९४० मध्ये झाले आणि छावणी उभी राहिली १९४३ साली. त्या वेळी गादीवर होते दत्तक आलेले, अजून नीट बोलूही न लागलेले छत्रपती शिवाजी महाराज. कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता आणि त्यावर इंग्रज सरकारची नजर होती. तेव्हा ही गोष्ट एका दिलदार राजाची म्हणून सांगायला सोपी असली, तरी खरी गोष्ट जरा वेगळी आहे. दिल्लीचे सरकार, लंडनमधले परागंदा पोलिश सरकार, एक पोरका झालेला संस्थानी दरबार आणि आसपासची चार गावे यांनी मिळून पाच वर्षे जे निभावले, ते वळिवडे.

ही माणसे आली कुठून, हे आधी सांगायला हवे. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला हे शाळेत शिकवतात. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनच्या फौजा शिरल्या, हे बहुधा शिकवायचे राहून जाते. वळिवड्याचे लोक या दुसऱ्या भागातले. १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत त्यांच्यापैकी पहिल्या तुकडीच्या दारावर थाप पडली. जे हाताला लागेल ते बांधायला थोडा वेळ मिळाला आणि मग मालगाडीचे डबे. जून १९४१ पर्यंत अशा चार लाटा झाल्या. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, पोलीस, लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका आणि मुले सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जंगल तोडायचे आणि त्यावर मोजून भाकरी मिळायची.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावरच उलटला आणि चक्र फिरले. ३० जुलै १९४१ च्या कराराने या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय केला होता म्हणून माफी, हा प्रश्न विचारायची सोय नव्हती. जनरल आंदेर्स यांनी सुटलेल्या कैद्यांतून फौज उभी केली आणि तिच्या आसऱ्याने बायकामुले दक्षिणेकडे सरकू लागली. वाटेत टायफसने आणि उपासमारीने किती गेली त्याची नीट मोजदाद नाही. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये, क्रास्नोवोद्स्कहून कॅस्पियन समुद्र ओलांडून सव्वा लाखाच्या आतबाहेर माणसे इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. त्यांत साधारण एक तृतीयांश बिगरलष्करी होती.

इराणबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण आपल्याकडच्या लेखांत तो केवळ वाटेवरचा थांबा म्हणून येतो. रशियाबाहेर या कॅथलिक कुटुंबांना पहिला माणुसकीचा हात मिळाला तो मुसलमानांच्या देशात. इराण स्वतः तेव्हा इंग्रज आणि रशियन फौजांच्या ताब्यात होता आणि धान्याची टंचाई होती. तरीही इस्फहान शहरात इतकी अनाथ मुले सांभाळली गेली की पोलिश लोक त्याला आजही ‘पोलिश मुलांचे शहर’ म्हणतात. तेहरानच्या दौलाब दफनभूमीत त्या वर्षीच्या थडग्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. ख्रिस्ती निर्वासितांना मुसलमान शहराने ठेवून घ्यावे आणि मग हिंदू संस्थानाने घर द्यावे, असा तो प्रवास आहे.

हिंदुस्थानात पहिली सोय झाली जामनगरजवळ बालाचडीला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये अनाथ मुलांसाठी तिथे वसाहत उभारली. ती गोष्ट प्रसिद्ध आहे आणि प्रसिद्धीला पात्रही आहे. मुंबईतल्या पोलिश वकिलातीचे प्रमुख बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी रेड क्रॉसच्या कामातून मदत उभी केली होती. पण इराणात अडकलेल्या कुटुंबांची संख्या पाहता बालाचडी पुरणारी नव्हती. युद्ध संपेपर्यंत, म्हणजे किती वर्षे ते कोणालाच ठाऊक नसताना, हजारो माणसे राहतील अशी जागा हवी होती. हवा फार उष्ण नको, पाणी मुबलक हवे, रेल्वे जवळ हवी. कोल्हापूर या तिन्ही कसोट्यांना उतरले. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ पासून होता, वळिवडे त्याच मार्गावर आणि पंचगंगा हाकेच्या अंतरावर.

१९४३ च्या पावसाळ्याच्या सुमारास पहिल्या तुकड्या उतरल्या. सैबेरियातला बर्फ आणि इराणातली रेती पाहून आलेल्या लोकांना कोल्हापूरच्या पावसाने गाठले. पुढे वस्ती वाढत जाऊन सुमारे ५ हजारांवर गेली. हिंदुस्थानातली ही पोलिश लोकांची सर्वांत मोठी छावणी. तिच्यात बायका, मुले आणि म्हातारी माणसेच जास्त. धडधाकट पुरुष आंदेर्सच्या फौजेत होते.

छावणी म्हटले की डोळ्यांसमोर तंबू, काटेरी तार आणि थाळी घेऊन लावलेली रांग येते. वळिवड्याला तसे नव्हते. लांबट कौलारू बराकी होत्या, त्यांचे भाग पाडून प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा निवारा दिला होता. पुढे ओसरी होती. सामुदायिक भटारखान्याऐवजी कुटुंबाला भत्ता मिळे आणि चूल घरोघरी पेटे. वाचताना ही बाब लहान वाटते. पण तीन वर्षे दुसऱ्याने वाढलेले खाल्लेल्या बाईला स्वतःच्या हाताने बाजारातून बटाटे निवडून आणता येणे, आज सूप की उद्या, हे स्वतः ठरवता येणे याचे मोल आयुष्यभर भत्त्याशिवाय जगलेल्याला कळणार नाही. छावणीच्या आखणीत शहाणपण होते ते इथे. बाजारात आसपासच्या गावचे भाजीवाले, दूधवाले, शिंपी यायचे आणि त्यामुळे व्यवहाराची भाषा आपोआप तयार झाली : थोडी मराठी, थोडी हिंदुस्थानी, बाकी हातवारे.

वस्तीचा कारभार पोलिश लोकांच्याच हाती होता. कॅप्टन यागिएउवोविच हे छावणीचे पोलिश प्रमुख. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने निर्वासितांचे मुख्य अधिकारी कॅप्टन वेब लक्ष ठेवीत. रुग्णालय, टपाल कचेरी, अग्निशमन दल, सहकारी दुकान, नाटक-सिनेमाची जागा, सगळे होते. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, शिक्षिका घडवणारा वर्ग आणि धंदेशिक्षणही. शिकवायला पुस्तके नव्हती, तेव्हा शिक्षकांनी आठवणीतून पाठ उतरवून घेतले. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’ हे पोलिश नियतकालिक निघे आणि छावणीत वाचले जाई. ज्या मुलांची मधली दोन-तीन वर्षे शाळेविना गेली होती, ती इथे परीक्षा देऊन मोठी झाली. पुढे इंग्लंडात आणि कॅनडात त्यांतले कित्येक इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक झाले. दम्याची आणि छातीच्या विकाराची मुले पाचगणीला पाठवली जात.

बालवीर चळवळ तर छावणीचा कणाच म्हणायला हवी. ती उभी करणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की नावाचा तरुण लष्करी अधिकारी होता. कोझेल्स्कच्या रशियन छावणीतले त्याचे बहुतेक सोबती १९४० च्या वसंतात कातिनच्या जंगलात मारले गेले, तो वाचला. वळिवड्याच्या पोरांना तो माळावर तंबू ठोकायला शिकवी, गाणी शिकवी. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांचा आधार म्हणून पोलंडभर ओळखला गेला. छावणीतल्या तरुणांना हिंदुस्थान दाखवण्याचे श्रेय वांदा दिनोव्स्का यांना द्यायला हवे. त्या थिऑसॉफिस्ट, गांधीजींच्या निकटच्या आणि ‘उमादेवी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या. त्यांनी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी मिळून पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली. हेच फ्रीडमन औंधच्या पंतप्रतिनिधींबरोबर गावराज्याच्या प्रयोगात होते, म्हणजे सातारा जिल्ह्याशीही या मंडळींचा धागा होताच.

आता देवळाकडे, म्हणजे चर्चकडे. पोलिश माणसाच्या बाबतीत धर्म आणि देश हे दोन वेगळे काढता येत नाहीत. सव्वाशे वर्षे देश नकाशावर नव्हता तेव्हा तो चर्चमध्ये जगला, अशी त्यांची भावना. छावणीत चर्च होतेच आणि पाद्रीही याच लोकांबरोबर आलेले होते. रविवारची मिस्सा, मुलांचा पहिला कम्युनियन, सणांच्या मिरवणुका, मे महिन्यातली मरियेची गाणी, हे सगळे वळिवड्याच्या माळावर झाले. पूजा लॅटिनमध्ये, प्रवचन पोलिशमध्ये.

इथे कोल्हापूरच्या ख्रिस्ती समाजाचा प्रश्न येतो आणि तो आमच्या मंडळींत नेहमी विचारला जातो : आपल्या ख्रिस्ती बांधवांनी त्यांना काय दिले? उत्तर सरळ नाही. कोल्हापूरला ख्रिस्ती मिशन आले १८५२ मध्ये, रेव्हरंड रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याबरोबर. पुढे ते प्रेसबिटेरियन मंडळींकडे गेले. शाळा निघाल्या, मुलींचे शिक्षण निघाले. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय तर दक्षिण महाराष्ट्राचा आधार झाले. दर्ग्याच्या त्या गावात हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत अशा साऱ्यांच्या नाड्या तिथे तपासल्या जात. पण तिथे सेवेबरोबर प्रचारही होता, हे झाकायचे कारण नाही. मिशनचे म्हणणे तसेच होते आणि शहराने त्याबद्दल कुरकुर केली, वाद घातले, औषधही घेतले. या मिशनमधून घडलेला कोल्हापूरचा ख्रिस्ती समाज मराठी बोलणारा, प्रॉटेस्टंट, ना. वा. टिळकांची भजने गाणारा. समोर आले ते लॅटिन ऐकणारे कॅथलिक. एकाच ख्रिस्ताची लेकरे म्हणून गळ्यात गळा पडावा, इतके सोपे ते नव्हते. भाषा वेगळी, पंथ वेगळा, रूढी वेगळी. कॅथलिक कारभाराच्या दृष्टीने कोल्हापूर पुण्याच्या धर्मप्रांतात मोडे.

तरी एक गोष्ट निर्विवाद झाली. छावणीत माणसे मरत होती, म्हातारी, आजारी, प्रवासात खंगलेली, आणि त्यांना जागा मिळाली कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत. त्या थडग्यांची १९४८ नंतर बराच काळ पडझड झाली. २०१४ मध्ये त्यांची नीट डागडुजी झाली. तिथली पोलिश नावांची शिळा आज वाचता येते. माझ्या मते स्थानिक ख्रिस्ती समाजाच्या मदतीतले सर्वांत मोलाचे देणे हेच. जिवंतपणी ज्यांच्याशी धड बोलता आले नाही, त्यांना त्यांनी आपल्या माणसांशेजारी जागा दिली.

छावणीच्या धर्माला दरबाराने आणि गावकऱ्यांनी जी मोकळीक दिली तिची पार्श्वभूमी कोल्हापुरात आधीपासून होती. शाहू महाराजांनी वसतिगृहांची जी माळ उभी केली, तिच्यात १९०१ चे मराठा आणि जैन बोर्डिंग आहे, १९०६ चे मुस्लिम बोर्डिंग आहे आणि १९१५ चे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे वसतिगृहही आहे. प्रत्येकाने आपल्या समाजाची पोरे आपल्या रीतीने सांभाळावीत, जागा आणि हात दरबार देईल, अशी ती रीत. महाराज नव्हते, पण वळिवड्याला जमीन देणाऱ्या दरबारात ती रीत मुरलेली होती. म्हणून पोलंडहून आलेल्या माणसाने चर्च बांधायचे म्हटले तेव्हा कोणाला आश्चर्य वाटले नसावे. पाच वर्षांत या वस्तीत कोणी कोणाला बाटवायला गेल्याची कथा कोल्हापुरात नाही. छावणीतल्या चर्चने आसपासच्या गावांत प्रचार केल्याचीही नाही.

एवढे लिहून मी हात आखडता घेतो. हे सारे औदार्यच होते असे मात्र मी म्हणणार नाही. वळिवड्याचा खर्च लंडनमधले पोलिश सरकार भागवत होते. संस्थानाने आणि हिंदुस्थान सरकारने जागा आणि व्यवस्था दिली, पैसा बहुतांशी पाहुण्यांच्याच खिशातून गेला. यजमानपणाची आपली कौतुके लिहिताना ही ओळ गाळली जाते आणि ते मला पटत नाही. शिवाय पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्याला स्वतःची शाळा, चर्च आणि कचेरी उभी करायला फारसे विनवावे लागत नाही. पण बाजारात भाजी मोजून देणाऱ्या बाईचे वागणे कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नव्हते. ते फुकटच होते. आजही छावणीची मुले, जी आता नव्वदीला टेकली आहेत, कोल्हापूरला येतात ती त्यासाठी. दरबाराच्या दप्तरासाठी येत नाहीत.

छावणीत युद्धाच्या बातम्या बाहेरून येत. १८ मे १९४४ रोजी इटलीत मोन्ते कास्सिनोच्या पडक्या मठावर पोलिश निशाण लागले. त्या लढाईत वळिवड्यातल्या बायकांचे नवरे, मुले, भाऊ होते. ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात उठाव झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो चिरडला गेला. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्ताला सीमा नव्याने आखली गेली आणि छावणीतल्या बहुतेकांचे गाव पोलंडच्या बाहेर पडले. परत जायचे म्हणजे कुठे जायचे? जुलै १९४५ मध्ये इंग्रजांनी लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. पैशाचा झरा आटला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदत यंत्रणेने भार उचलला. त्याच काळात, १९४६ मध्ये, बालाचडीची मुले वळिवड्याला आली. त्यांचे पाद्री फादर प्लुता यांच्यावर वॉर्साने केलेला ‘मुलांचा अपहरणकर्ता’ हा आरोप प्रसिद्ध आहे. गुन्हा एवढाच की त्यांनी मुले कम्युनिस्ट पोलंडला पाठवायला नकार दिला.

१९४७-४८ मध्ये वस्ती पांगली. ज्यांची माणसे आंदेर्सच्या फौजेत होती ती इंग्लंडला गेली, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला, थोडी पोलंडलाही परतली. काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्न करून कोल्हापूरच निवडले. नऊवारी आणि सहावारीत वावरणाऱ्या त्या बायकांना शहराने सून म्हणून सामावून घेतले, हेही या इतिहासाचेच पान आहे.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणी झाली होती आणि सिंधमधून हाकललेली कुटुंबे मुंबईला, पुण्याला, मिळेल तिथे येत होती. त्यांतली शेकडो वळिवड्याला आणली गेली. पोलिश लोकांनी सोडलेली वस्ती गांधीनगर झाली. आज घाऊक कापडासाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटक जिथे येतो, तेच हे गांधीनगर. ज्या माळावर मरियेची मिरवणूक निघे, त्याच माळावर झुलेलालांची पूजा होऊ लागली. दोन्ही समाजांना परत जायचा गाव उरला नव्हता. त्यातला एक कराचीहून वळिवड्याला आला आणि त्याआधी दुसरा इराणहून कराचीच्या तळावर थांबून इथेच आला होता.

निर्वासितांबद्दल आजही भारतात वेगळा कायदा नाही आणि १९५१ च्या जिनिव्हा करारावर आपली सही नाही. येणाऱ्या प्रत्येक समूहाचे स्वतंत्रपणे ठरते. दिल्लीत सध्या अफगाण आणि रोहिंग्या मुसलमान कुटुंबांत काम करणाऱ्या संस्थांत जेझुइट संघाची निर्वासित सेवाही आहे. ती फादर पेद्रो आरूपे यांनी १९८० मध्ये सुरू केली. ख्रिस्ती कार्यकर्त्याने मुसलमान निर्वासिताच्या दारात कोणत्या भूमिकेतून जावे, हा प्रश्न तिथे रोज उभा राहतो. वळिवड्याला प्रश्न उलट होता. तिथे दारात उभा असलेला ख्रिस्ती होता आणि घर दुसऱ्यांचे होते.

पोलिश मंडळींनी स्वतःची आठवण नीट जपली. लंडनला त्यांनी ‘भारतातील पोलिश लोकांचे मंडळ’ काढले आणि दस्तऐवज व आठवणींचा जाडजूड ग्रंथ २००० मध्ये पोलिशमध्ये, नंतर इंग्रजीत प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्याला स्मृतिस्तंभ झाला. वॉर्सात २०१७ मध्ये वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिळा बसवली गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तिथे गेले, तेव्हा गांधीनगरच्या कापड दुकानांत ती बातमी अर्थातच मोठ्याने वाचली गेली असेल.

गांधीनगरचा स्वतःचा इतिहास मात्र पोलिशांच्या इतिहासाइतका लिहिला गेलेला नाही. कौलाखालची ती पोलिश खोली मिळाल्यावर सिंधी घरच्या पहिल्या बाईने चूल कुठे मांडली, ओसरीचे दुकान कसे झाले, हे सांगणारी माणसे थोडीच उरली आहेत. आमच्या पुढच्या स्मरणिकेसाठी गांधीनगरच्याच कोणीतरी तो इतिहास लिहावा, आम्ही त्याची पाने राखून ठेवू.